रुळाने घडवलं रबर, रबराने घडवला रूळ

अंक हातात घेतलाच आहे, तर आधी एक गंमत करा. पान नाकाशी न्या आणि वास घ्या. नव्या अंकाचा तो खास वास येतोय ना? त्यात शाईचा मोठा वाटा आहे. आता डोळे मिटा आणि एखाद्या काळ्याभोर अक्षरावरून बोट फिरवा. अक्षर कुठे संपलं आणि कोरा कागद कुठे सुरू झाला, ते सांगता येतंय का? नाही येणार. ऑफसेट छपाईत कागदावर बसणारा शाईचा थर जेमतेम एक मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. शाईचे सत्तर थर एकावर एक चढवले, तर कुठे एका केसाची बरोबरी होईल!

इतका पातळ थर, आणि तोही पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी एकसारखा! कोपऱ्यात फिका नाही, मध्ये गडद नाही. शिवाय तासाला हजारो कागद. हे कोण करतं? छपाईयंत्रातले रूळ, म्हणजेच रोलर. ऑफसेट यंत्रात एकेका रंगासाठी शाईचे पंधरा-वीस रोलर असतात आणि त्यातल्या बऱ्याच रोलरांवर रबराचा जाड थर असतो.

खरी मौज तर पुढेच आहे. रबर नसतं तर असा रोलर झाला नसता, हे सहज पटतं. पण रोलर नसता, तर रबरही कामाचं झालं नसतं! दोघांनी एकमेकांना घडवलं. कसं, ते आता पाहू.

झाडाचा पांढरा चीक

रबराचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या जंगलातलं. त्याच्या सालीवर तिरका, उथळ काप दिला की दुधासारखा पांढरा चीक ओघळू लागतो. या चिकात साधारण तिसरा हिस्सा रबर असतं, बाकी बहुतेक पाणी. चिकात सौम्य आम्ल घातलं की रबर गोठून वेगळं होतं. त्याच्या लाद्या दोन रुळांमधून दाबून त्यांतलं पाणी काढतात आणि मग त्या धुरावर वाळवतात. बघा, रबराच्या आयुष्यात रूळ पहिल्या दिवसापासूनच आला.

हे पाहायला आपल्याला अॅमेझॉनपर्यंत जायला नको. भारतात सगळ्यात जास्त रबर केरळात पिकतं. पण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग, सावंतवाडीकडे आणि गोव्यातही रबराच्या बागा आहेत. तिकडे गेलात तर झाडांच्या खोडावर तिरके काप आणि त्याखाली टांगलेल्या वाट्या नक्की बघा.

मध्य अमेरिकेतल्या लोकांना रबर फार आधीपासून ठाऊक होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे त्यांचे रबरी चेंडू मेक्सिकोत सापडले आहेत. युरोपात मात्र अठराव्या शतकात रबर आलं, तेव्हा त्याचं करायचं काय हेच कुणाला कळेना. पेन्सिलीचं लिखाण खोडता येतं, हे लक्षात आलं. पण रबर धातूसारखं वितळवून ओतता येईना आणि लाकडासारखं तासताही येईना. रबराच्या बाटल्या आणि गोळे जहाजातून जसे येत, तसेच ते कापून वापरायचे. उरलेले तुकडे वाया!

हॅनकॉकचं ‘लोणचं’

हे वाया जाणारे तुकडे लंडनच्या थॉमस हॅनकॉकला पाहवेनात. १८२० साली तो हातमोजे, पट्टे अशा कपड्यांसाठी रबराच्या लवचीक पट्ट्या बनवत होता. पट्ट्या कापल्या की कचऱ्याचा ढीग पडायचा. हॅनकॉकची नजर बारीक होती. त्याने पाहिलं की रबराच्या ताज्या कापलेल्या दोन कडा एकमेकींवर दाबल्या, तर त्या चिकटतात. जुना, बाहेरचा पृष्ठभाग मात्र चिकटत नाही. मग त्याने विचार केला, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे केले, तर ताज्या कडाच कडा मिळतील आणि सगळे तुकडे एकमेकांना चिकटतील.

त्यासाठी त्याने एक छोटं यंत्र बनवलं. लाकडी पोकळ नळकांड्याला आतून दाते, आणि त्यात फिरणाऱ्या रुळालाही दाते. आत मूठभर तुकडे टाकायचे आणि हाताने दांडा फिरवायचा. रबराचा चुरा होईल, अशी त्याची अपेक्षा होती. झालं उलटंच! दांडा फिरवायला जड जड होत गेला. उघडून पाहिलं तर आत रबराचा एकच एक, गरम, गुळगुळीत गोळा!

हा गोळा हवा तसा दाबता येत होता, साच्यात भरता येत होता. रबर घडवण्याची पहिली किल्ली माणसाच्या हाती लागली ती अशी. ती दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून हॅनकॉकने यंत्राला मुद्दाम ‘पिकल’, म्हणजे ‘लोणचं’ असं नाव ठेवलं आणि दहा-बारा वर्षं हे गुपित सांभाळलं.

पण दात्यांमध्ये भरडल्यावर रबर मऊ का झालं? याचं उत्तर हॅनकॉकच्या काळात कुणाकडेच नव्हतं. रबराचा रेणू म्हणजे हजारो सारखे दुवे जोडून झालेली एक लांबलचक साखळी असते, हे जर्मनीच्या हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० नंतरच्या काळात मांडलं. त्यासाठी त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. दात्यांमध्ये ओढाताण झाली की त्या तुटून आखूड होतात. हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना जाऊन मिळतो, त्यामुळे ती पुन्हा जुळत नाहीत. आखूड साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात, म्हणून रबर मऊ होतं.

तीस टनांचा राक्षस

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. तिथे बॉस्टनजवळ रॉक्सबरी गावात एडविन चॅफी नावाचा कारागीर होता. कापडावर रबराचा थर द्यायला त्या काळी लोक रबर टर्पेंटाइनमध्ये विरघळवायचे. टर्पेंटाइन महाग, आणि त्याने रबराचा कसही कमी व्हायचा. चॅफीला वाटलं, विरघळवायचं कशाला? रबर नुसतं दाबून कापडावर बसवता आलं तर?

१८३६ साली त्याने आपल्या यंत्रांचं पेटंट घेतलं. उसाच्या रसाच्या गाड्यावरचा चरक तुम्ही पाहिलाच आहे. आतल्या बाजूला फिरणारे दोन रूळ उसाला पकडून ओढून घेतात. चॅफीच्या यंत्रातही असेच रूळ होते, पण लोखंडाचे, अजस्र आणि आतून वाफेने तापवलेले. यातली एक युक्ती नीट समजून घ्या. शेजारशेजारचे दोन रूळ वेगवेगळ्या वेगाने फिरत. एक रूळ रबराला पुढे ओढी, दुसरा मागे रेंगाळे. त्यामुळे रबर नुसतं दबत नसे, तर चांगलं रगडलं जाई. एकजीव झालेलं रबर मग दुसऱ्या यंत्रात एकावर एक बसवलेल्या रुळांमधून जाई, त्याची सलग चादर बने आणि ती कापडावर घट्ट बसे.

चॅफीचं हे मोठं यंत्र सुमारे तीस टन वजनाचं होतं आणि त्याला ‘मॉन्स्टर’, म्हणजे राक्षस म्हणत. आज जगातल्या कुठल्याही रबराच्या कारखान्यात जा, टायरच्या नाहीतर चपलेच्या, तिथे दोन रुळांची ‘मिल’ आणि चादर काढणारं ‘कॅलेंडर’ यंत्र दिसेलच. ती या राक्षसाचीच नातवंडं. १९१६ साली फर्नली बॅनबरी यांनी बंद पेटीत रबर मळणारं यंत्र शोधलं. त्याला आजही कारखान्यात ‘बॅनबरी’च म्हणतात. पण त्यातून निघालेला गरम गोळाही पुन्हा मिलच्या दोन रुळांमध्येच टाकतात!

गंधकाने बांधलेले पूल

एवढं होऊनही रबराची एक खोड जाईना. उन्हाळ्यात ते चिकट होऊन पाघळायचं आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकायचं. रबरी बूट, रबरी कोट लोकांनी हौसेने घेतले आणि ऊन तापल्यावर कंटाळून टाकून दिले. अमेरिकेतले रबराचे कारखाने बंद पडू लागले.

चार्ल्स गुडइयर या माणसाने मात्र हट्ट सोडला नाही. कर्ज झालं, तुरुंगवास झाला, घरात खायचे वांधे झाले, तरी त्याचे प्रयोग सुरूच राहिले. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात त्याला उत्तर सापडलं. गंधक मिसळलेलं रबर भरपूर तापवलं, की ते वितळत नाही. ते कणखर होतं आणि मग थंडी-उन्हाने बिघडत नाही. त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं ते १८४४ साली. इंग्लंडमध्ये त्याआधी काही महिने, १८४३ च्या नोव्हेंबरात, पेटंटसाठी अर्ज केला होता आपल्या ‘लोणचं’वाल्या हॅनकॉकने!

गंधक काय करतं? दोन रबरी साखळ्यांच्या मधे गंधकाचे अणू पूल बांधतात. पूल बांधलेल्या साखळ्या ताणल्या तर लांब होतात, पण एकमेकींवरून घसरून जात नाहीत. सोडल्या की परत जागेवर येतात. गंधक थोडं घातलं तर पूल थोडे आणि रबर मऊ. जास्त घातलं तर पूल पुष्कळ आणि रबर कडक. रबर किती मऊ हवं, हे आता माणूस ठरवू शकत होता! ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथूनच आपण छापखान्यात शिरणार आहोत.

शाई लावायची कशाने?

गुटेनबर्गने पंधराव्या शतकात जर्मनीत खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छपाई सुरू केली, तेव्हा खिळ्यांना शाई लावायला चामड्याचे गोळे असत. मेंढीचं कातडं, आत लोकर किंवा केस ठासून भरलेले आणि धरायला लाकडी मूठ. दोन हातांत दोन गोळे घ्यायचे, त्यांवरची शाई एकमेकांवर घासून सारखी करायची आणि मग खिळ्यांवर थापायची. १५५६ साली गोव्यात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, तोही याच काळातला.

ही पद्धत थोडीथोडकी नाही, साडेतीनशे वर्षं टिकली. पण १८१४ साली गडबड झाली. लंडनच्या ‘द टाइम्स’ या वर्तमानपत्राने फ्रीड्रिश केनिग यांचं वाफेवर चालणारं छपाईयंत्र बसवलं. हाताच्या यंत्रावर तासाला दोन-अडीचशे कागद निघत, या यंत्रावर अकराशे! एवढ्या वेगाने गोळे थापणार कोण? शाई लावण्यासाठी सतत फिरणारा रूळच हवा. चामड्याचा रूळ केला तर त्याच्यावर शिवण येते, आणि शिवणीची रेघ छपाईत उमटते.

यावर उत्तर सापडलं ते सरस आणि काकवीत! सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला डिंक. तो गरम करून त्यात काकवी मिसळायची, हे मिश्रण लोखंडी दांड्याभोवती साच्यात ओतायचं आणि थंड होऊ द्यायचं. झाला बिनशिवणीचा, मऊ, थोडासा चिकट रूळ. इंग्लंडच्या ब्रायन डाँकिन आणि रिचर्ड बेकन यांनी १८१३ च्या आपल्या पेटंटातच असे रूळ वापरले होते. पुढची शंभर वर्षं जगभरच्या छापखान्यांत हेच रूळ फिरले.

पण काकवी आणि सरस, दोन्ही पडले पाण्याचे आणि उष्णतेचे गुलाम. दमट हवेत रूळ ओलावा शोषून बुळबुळीत होई आणि मग शाई धरेना. कडक उन्हाळ्यात, त्यातही यंत्राच्या वेगाने तापून, तो पाघळू लागे. थंडीत आकसून टणक होई. म्हणून छापखानेवाले उन्हाळ्याचे रूळ वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे ओतून ठेवत. उन्हाने पाघळणारं आणि थंडीत तडकणारं रबर तर तोवर सुधारलं होतं. मग रूळ रबराचाच का करू नये?

कागद चुकला, छपाई सुधारली

रबराची खरी करामत दिसली ती न्यू जर्सीमधल्या नटली गावात, १९०४ च्या सुमारास. आयरा रुबेल हे तिथे शिळाछापावर काम करत. शिळाछाप म्हणजे दगडावरची छपाई. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर यांनी ती शोधली. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, या साध्या गोष्टीवर ती चालते. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. पुन्हा शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट चित्राला धरते आणि ओल्या भागाला लागत नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं, ते याच शिळाछापावर. राजा रविवर्म्याची देवादिकांची चित्रं घरोघरी पोचली, तीही दगडांवरूनच छापलेली.

रुबेल यांच्या यंत्रात कागद दाबणाऱ्या दंडगोलावर रबराचं आवरण होतं. कधीकधी कागद घालायचा राहून जाई. मग चित्र उमटे ते थेट त्या रबरावर, आणि पुढचा कागद आला की रबरावरून त्याच्या पाठीवर. असा कागद वाया गेलेला. पण रुबेल यांनी तो टाकून न देता निरखून पाहिला. रबरावरून उमटलेलं चित्र दगडावरून थेट आलेल्या चित्रापेक्षा जास्त सुबक, जास्त स्पष्ट होतं!

असं का व्हावं? कागद आपल्याला गुळगुळीत वाटला, तरी भिंगातून पाहिलं तर त्याच्यावर उंचवटे आणि खळगे असतात. दगड कडक, त्यामुळे तो उंचवट्यांनाच टेकतो आणि खळगे कोरे राहतात. रबर मऊ. ते उंचवट्यांवर दबतं, खळग्यांत उतरतं आणि सगळीकडे शाई पोचवतं. रुबेल यांनी मग मुद्दामच रबरावरून छापणारं यंत्र बनवलं. हीच ऑफसेट छपाई. आजची बहुतेक पुस्तकं आणि वर्तमानपत्रं याच पद्धतीने छापली जातात. दगडाच्या जागी आता अॅल्युमिनियमची पातळ प्लेट आली. रबर मात्र आहे तिथेच आहे. त्याला छापखान्यात ‘ब्लँकेट’ म्हणतात. जाडी सुमारे दोन मिलिमीटर, आत कापडाचे थर आणि वर रबराची गुळगुळीत त्वचा.

तेल पिणारं रबर

झाडाचं रबर छापखान्यात आलं खरं, पण तिथे त्याची गाठ पडली तेलाशी. छपाईची शाई तेलकट, आणि रोलर धुवायला रॉकेलसारखे द्रव. झाडाचं रबर असं तेल शोषतं, फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेला रोलर शेजारच्या रोलरवर जास्त दाबतो, तापतो आणि लवकर खराब होतो.

इथे रसायनशास्त्रज्ञ मदतीला आले. १९३० च्या सुमारास अमेरिकेत निओप्रीन आणि जर्मनीत नायट्राइल ही कृत्रिम रबरं तयार झाली. नायट्राइल रबराच्या साखळीत असे काही गट असतात की तेलाचं त्यांच्याशी जमत नाही, म्हणून ते फारसं फुगत नाही. छापखान्यातले पुष्कळ रोलर आज नायट्राइल रबराचे असतात. अतिनील प्रकाशात क्षणात वाळणाऱ्या शाया आल्या, तर त्यांना तोंड देणारी आणखी वेगळी रबरं आली. कोणत्या शाईला कोणतं रबर, हे पाहूनच रोलर मागवावा लागतो.

रोलरला नवी कातडी

रोलर जुना झाला की फेकत नाहीत. आतला पोलादी दांडा वर्षानुवर्षं टिकतो, रबर मात्र बदलावं लागतं. हे काम करणारे कारखाने वेगळे असतात. तिथे काय चालतं, ते जवळून पाहू या.

रोलर आला की तो लेथवर, म्हणजे वस्तू गोल फिरवून तासणाऱ्या यंत्रावर, चढवतात आणि जुनं रबर सोलून काढतात. मग उघड्या पोलादावर बारीक, खरखरीत कणांचा जोरदार मारा करतात. गंज आणि तेल निघून जातं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. त्यावर रबर आणि पोलाद यांना जोडणाऱ्या रसायनाचा लेप देतात. हा लेप फसला तर पुढची सगळी मेहनत वाया, म्हणून सोलल्यानंतर पोलादाला उघडा हातसुद्धा लावायचा नसतो. घामाचा, तेलाचा डाग नको!

तिकडे मिलवर रबर मळलं जात असतं. त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, तेल आणि गंधकाचं काम लवकर उरकणारी रसायनं मिसळतात. मिसळलेल्या रबराची कॅलेंडरमधून पातळ चादर निघते. ती पोलादी दांड्यावर गुंडाळतात, एक वळसा, दुसरा, तिसरा... प्रत्येक वळसा दाबून बसवतात, कारण आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पुढे तिथे फोड येणार. हवी तेवढी जाडी झाली की वरून नायलॉनची ओली पट्टी ताणून, घट्ट लपेटतात.

आता हा गुंडाळलेला रोलर जातो ऑटोक्लेव्हमध्ये. ऑटोक्लेव्ह म्हणजे आडवं ठेवलेलं प्रचंड पोलादी पात्र. दार बंद करून आत वाफ सोडतात. तापमान साधारण १४० ते १५० अंश सेल्सिअस, दाब बाहेरच्या हवेच्या चार-पाच पट. रबरातून उष्णता फार सावकाश आत शिरते. घाई केली तर वरचं रबर जास्त तापेल आणि पोलादाजवळचं कच्चं राहील. म्हणून तापमान हळूहळू वाढवतात, काही तास टिकवतात आणि हळूहळूच उतरवतात. गुडइयरने पाहिलेले गंधकाचे पूल इथे बांधले जात असतात.

बाहेर आलेल्या रोलरवर पट्टीचे वळ उमटलेले असतात. मग तो पुन्हा यंत्रावर चढतो, फिरत्या दगडाने घासला जातो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापात आणला जातो. काही कामांचे लांब रोलर तर मुद्दाम मध्यभागी किंचित जाड ठेवतात. दाबाखाली लांब रोलर मध्ये थोडासा वाकतो. तिथे ही जास्तीची जाडी भर घालते आणि दाब सगळीकडे सारखा पडतो.

मऊ, पण किती मऊ?

रबराचा मऊपणा मोजायला एक छोटं उपकरण असतं, ड्यूरोमीटर. अमेरिकेतल्या अल्बर्ट शोअर यांच्या नावावरून त्याच्या मापाला ‘शोअर’ म्हणतात. उपकरणाची बोथट सुई रबरावर टेकवून दाबायची. सुई पूर्ण आत रुतली तर आकडा ० आणि अजिबात रुतली नाही तर १००. मोटारीच्या टायरचं रबर साधारण ६० ते ७० भरतं. शाई लावणारा रोलर भरतो फक्त २५ ते ३५! टायरला वजन पेलायचं असतं, रोलरला अलगद टेकायचं असतं.

शाईच्या रांगेत एक रोलर कडक आणि त्याच्या शेजारी एक मऊ, अशी योजना असते. दोन कडक रोलर शेजारी ठेवले, तर ते काही ठिकाणीच टेकतील. कडक आणि मऊ शेजारी आले की मऊ रोलर किंचित दबतो आणि दोघांमध्ये सलग पट्टी टेकलेली राहते. ही पट्टी यंत्र चालवणारा मशिनमन डोळ्यांनी पाहतो. थांबवलेल्या यंत्रात तो शाई लावलेले दोन रोलर क्षणभर एकमेकांवर टेकवतो आणि वेगळे करतो. रोलरवर शाईची आडवी रेघ उमटते. तिची रुंदी चार-पाच मिलिमीटर हवी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी हवी. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली, की स्क्रू फिरवून दाब बदलायचा. भलंमोठं यंत्र आणि त्याची तब्येत सांगते ती एक रेघ!

रोलरची निगाही राखावी लागते. शाईचे आणि कागदाच्या धुळीचे थर बसले की त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते आणि मग तो शाई धरत नाही. म्हणून रोज धुवायचा. उन्हात ठेवायचा नाही, कारण प्रकाशाने आणि हवेतल्या ओझोनने रबराला तडे जातात. जमिनीवर आडवा टाकायचा नाही, एका बाजूला चपटा होईल. दोन्ही टोकांना आधार देऊन, रबर अधांतरी राहील असाच ठेवायचा.

करून बघा

साहित्य: स्टीलच्या डब्याचं झाकण, स्केच पेन, खोडरबर, तेवढाच लाकडी ठोकळा आणि थोडा खरबरीत कागद.

झाकणावर स्केच पेनने ‘क’ काढा. शाई ओली आहे तोवर खोडरबर त्यावर दाबा आणि उचला. खोडरबरावर अक्षर कसं दिसतंय? उलटं! आता लगेच खोडरबर कागदावर दाबा. अक्षर पुन्हा सुलट झालं. ही तुमची ऑफसेट छपाई. म्हणूनच ऑफसेटच्या प्लेटवरची अक्षरं आपल्याला सरळ वाचता येतात. खिळ्यांवर मात्र ती उलटी कोरावी लागत.

आता हेच खोडरबराऐवजी लाकडी ठोकळ्याने करा. कुठलं अक्षर भरीव आलं आणि कुठलं तुटक? शाई, कागद आणि दाब बदलून पाहा आणि वहीत नोंद करा.

घरातली पाकिटंही तपासा. बिस्किटाच्या किंवा वेफर्सच्या पुड्याच्या कडेला रंगीत चौकोन, ठिपके किंवा फुल्या दिसतील. बहुतेक वेळा प्रत्येक रंग यंत्राच्या वेगळ्या रोलरवरून आलेला असतो आणि रंग एकमेकांवर नेमके बसले की नाहीत, ते या खुणांवरून कळतं. असे पुडे सहसा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. तिथे तांब्याच्या दंडगोलावर कोरलेल्या बारीक खळग्यांत शाई असते आणि पुड्याची पातळ फिल्म त्यावर दाबून धरतो रबराचाच रोलर.

दोनशे वर्षांत यंत्रं बदलली, शाया बदलल्या, दगड जाऊन धातू आला. पण कागदाला टेकायला नेमकी मऊ वस्तू लागते, ही गरज बदलली नाही. कडक पोलाद यंत्राला ताकद देतं, पण पानावरचं अक्षर भरीव येतं ते मऊ रबरामुळे.

तुमच्या गावात किंवा शहरात छापखाना असेलच. शिक्षकांना सांगा आणि वर्गाची सहल तिथे न्या. मशिनमनकाकांना रोलरची रेघ दाखवायला सांगा. फिरत्या रोलरजवळ हात मात्र अजिबात न्यायचा नाही, ते बोट पकडून आत ओढतात. यंत्र पूर्ण बंद असतानाच, काकांना विचारून, जवळ जायचं. काय पाहिलंत, काय विचारलंत आणि प्रयोगात काय दिसलं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.